एकच प्रश्नपत्रिका, अनेक यंत्रे

दहावीची परीक्षा प्रत्येक शाळेने आपापली प्रश्नपत्रिका काढून घेतली असती, तर गुणपत्रिकेला किती अर्थ उरला असता? एका शाळेतले ऐंशी टक्के आणि दुसऱ्या शाळेतले ऐंशी टक्के सारखेच आहेत, असे कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नसते. म्हणून आपण सामाईक प्रश्नपत्रिका काढतो. संगणकाच्या जगात हीच अडचण गेल्या साठ-पासष्ट वर्षांत पुन्हा पुन्हा उभी राहिली आणि तिच्यावर उपायही दर वेळी हाच सापडला. त्या उपायाची ही हकिगत आहे.

भाषा एक, भाषांतरक अनेक

१९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेत पेंटॅगॉनमध्ये एक बैठक झाली. त्या काळी एका कंपनीच्या संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चालत नसे. संगणक बदलला की सारे लेखन पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. हिशेब, पगारपत्रके, मालाची नोंद अशा कामांसाठी सर्व यंत्रांवर चालेल अशी एक भाषा असावी, असे या बैठकीत ठरले. त्यातून ‘कोबोल’ ही भाषा जन्मली. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली, किरकोळ बदल करून, आर.सी.ए. आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली.

पण भाषा एक झाली म्हणून प्रश्न सुटला नाही. कोबोलचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा भाषांतरक प्रत्येक कंपनी स्वतः बनवी आणि नियमांचा अर्थ आपल्या सोयीने लावी. ‘आमचा कोबोल प्रमाणित आहे’ असे सगळेच म्हणत. ते खरे की खोटे हे ठरवायचे कसे? ग्रेस हॉपर या गणितज्ञ विदुषी १९६७ मध्ये अमेरिकी नौदलात पुन्हा रुजू झाल्या. त्यांच्या गटाने यावर साधा पण कणखर उपाय केला. त्यांनी कोबोलमध्येच चाचण्यांचा एक संच लिहिला. भाषेचा एकेक नियम घ्यायचा, त्यावर छोटी आज्ञावली लिहायची, तिचे उत्तर काय यायला हवे ते आधीच ठरवून ठेवायचे आणि प्रत्येक कंपनीचा भाषांतरक या परीक्षेला बसवायचा! विक्रेत्याचे बोलणे आणि यंत्राचे वागणे यांतला फरक आता कागदावर दिसू लागला. कोबोलच्या १९८५ च्या प्रमाणासाठी पुढे तयार झालेला चाचणीसंच तर आजही कोबोलचे मुक्त भाषांतरक तपासण्यासाठी वापरला जातो.

चाचणी लेखकाच्या हाती

या चाचण्या बाहेरच्या परीक्षकाच्या होत्या. आज्ञावली लिहिणाऱ्याने लिहितानाच आपल्या कामाच्या छोट्या छोट्या चाचण्या लिहाव्यात, हा विचार रुळायला बराच काळ जावा लागला. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा हे दोघे झुरिकहून अटलांटाला विमानाने चालले होते. त्या प्रवासात त्यांनी जावा भाषेसाठी चाचण्या लिहिण्याचा एक छोटा सांगाडा तयार केला. त्याचे नाव ‘जेयुनिट’. हे नाव आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

खोका आणि कर्णधार

न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोखंडी कंटेनर वाहणारे ट्रेलर आपण पाहतो. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज असे ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. पुढे खोक्याची मापे आणि कोपऱ्यांची घडण जगभर एक ठरली. मग आत काय आहे हे क्रेनला कळण्याचे कारणच उरले नाही.

आज्ञावल्यांचे कंटेनरही याच कल्पनेवर उभे आहेत. आज्ञावली आणि तिला लागणारे सगळे सामान एका बंद खोक्यात भरायचे, म्हणजे ते कोणत्याही संगणकावर नेऊन चालवता येते. मार्च २०१३ मध्ये ‘डॉकर’ लोकांसमोर आले आणि ही पद्धत झपाट्याने पसरली. पण खोकी हजारो झाली की कोणते खोके कोणत्या संगणकावर ठेवायचे, एखादे बंद पडले तर दुसरे कोणी सुरू करायचे, हे पाहणारा कोणीतरी हवा. अनेक संगणकांच्या अशा समूहाला ‘क्लस्टर’ म्हणतात. तो सांभाळणारी ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली गूगलने जून २०१४ मध्ये खुली केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. आपल्या ‘कर्णधार’ शब्दाचा मूळ अर्थही तोच.

प्रणाली मुक्त असल्याने अनेक कंपन्या आपापले कुबरनेटीस विकू लागल्या, आणि कोबोलचा प्रश्न नव्या वेशात परत आला. ग्राहकाने एका कंपनीचे क्लस्टर सोडून दुसरीचे घेतले तर त्याची खोकी तिथे तशीच चालतील का? चालली नाहीत तर तो पहिल्या कंपनीशी कायमचा बांधला जाणार. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रमाणपत्राची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्याच यादीत ३२ उत्पादने होती.

प्रश्नपत्रिका कशी असते?

या परीक्षेत आज तीनशेहून अधिक चाचण्या आहेत. नमुन्यादाखल एक चाचणी कल्पू. क्लस्टरला सांगायचे, ‘या खोक्याच्या तीन प्रती सतत चालू ठेव.’ मग त्यांतली एक मुद्दाम नष्ट करायची. थोड्या वेळाने पुन्हा तीन प्रती दिसल्या तर चाचणी उत्तीर्ण. दिलेला शब्द क्लस्टर पाळते का, एवढेच तपासायचे. तो कसा पाळते हे विचारायचे नाही.

विक्रेता या चाचण्या स्वतः चालवतो आणि निकालाच्या फायली सर्वांना दिसतील अशा जागी ठेवतो. त्यांतल्या एका फायलीचे नाव ‘जेयुनिट-०१’ असे असते. विमानात जन्मलेल्या सांगाड्याची ही खूण! चाचण्या चालवायला आधी ‘सोनोबॉय’ हे साधन होते. २०२४ मध्ये ‘हायड्रोफोन’ आले. पाण्याखालचे आवाज ऐकणाऱ्या उपकरणांची ही नावे आहेत. महत्त्वाचे हे, की ग्राहकालाही तीच परीक्षा स्वतः घेऊन निकाल ताडून पाहता येतो.

मग प्रश्न येतो, प्रश्नपत्रिका काढतो कोण? चाचण्या लिहिणाऱ्यांत याच कंपन्यांचे अभियंते असतात. परीक्षार्थीनेच प्रश्न काढावेत, हे आपल्याला खटकेल. म्हणून नियम कडक आहेत. चाचणी कोणत्याही एका कंपनीच्या खास सोयीवर अवलंबून नसावी. पक्क्या ठरलेल्या सुविधाच तिने तपासाव्यात. मुख्य यादीत येण्यापूर्वी तिने किमान दोन आठवडे न डगमगता चालून दाखवावे. शिवाय यादीत बदल करायला प्रणालीच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या गटाची वेगळी मान्यता लागते. सारा व्यवहार उघड्यावर चालतो, हीच खरी राखण.

डगमगणारी चाचणी

दोन आठवड्यांची ही अट कशासाठी? काही चाचण्या आज उत्तीर्ण, उद्या अनुत्तीर्ण आणि परवा पुन्हा उत्तीर्ण होतात, तेही आज्ञावलीत काहीच न बदलता. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये नोंदवले, की त्यांच्याकडील सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक प्रमाणात हा दोष होता. अशी चाचणी नसलेल्या चाचणीहून वाईट. ती वारंवार खोटी हाकाटी करते, मग लोक तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि खरा बिघाड झाला त्या दिवशीही कोणी वळून पाहत नाही.

कारणे बहुधा साधी असतात. वरच्या उदाहरणात ‘पाच सेकंद थांब आणि मोज’ असे लिहिले, तर मंद संगणकावर चाचणी फसेल. त्याऐवजी ‘तीन प्रती दिसेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने पाहा, पण अमुक मिनिटांपलीकडे थांबू नकोस’ असे लिहावे. दुसरे कारण म्हणजे एका चाचणीचा पसारा दुसरीच्या पायात येणे. म्हणून प्रत्येक चाचणीला क्लस्टरमध्ये वेगळी खोली दिली जाते आणि काम संपल्यावर ती मोडली जाते. प्रयोगशाळेत आधीच्या तुकडीची परीक्षानळी न धुता वापरू नये, हे आपण मुलांना सांगतोच, नियम तोच.

आपला हातभार

या कामासाठी मोठे संगणकगृह लागते असे नाही. ‘काइंड’ नावाचे साधन एकाच संगणकावर कंटेनरांनाच संगणक मानून छोटे क्लस्टर उभे करते. कुबरनेटीसच्या स्वतःच्या चाचण्यांसाठीच ते बनवले गेले. बरी स्मरणशक्ती असलेला साधा संगणक आणि डॉकर एवढ्यावर वरिष्ठ विद्यार्थी ते चालवू शकतात. पुढे चाचणीसंग्रहात भर घालायची तर ‘गो’ ही भाषा थोडी यावी लागते. नवशिक्यांसाठी राखलेली कामे वेगळी खूण करून ठेवलेली असतात. पहिले योगदान एखाद्या चाचणीचे अस्पष्ट वर्णन सुधारण्याचे असले तरी चालते. त्याआधी एक करारनामा मान्य करावा लागतो, आणि लिहिलेला मजकूर अनुभवी माणसांनी वाचून संमती दिल्याशिवाय आत जात नाही. दुरुस्त्या सुचवल्या जातात. त्या निमूट करण्यातच बरेचसे शिक्षण असते.

शेवटी एक मर्यादा ध्यानात ठेवू. एड्सगर डिक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच बजावले होते, की चाचणीने चुका आहेत हे दाखवता येते, नाहीत हे नव्हे. तीनशे प्रश्नांची बरोबर उत्तरे देणारे क्लस्टर तीनशे एकाव्या प्रश्नाला अडखळू शकते. म्हणून हा संग्रह कधी पूर्ण होत नाही. नवा बिघाड सापडला की त्याची चाचणी लिहून संग्रहात ठेवायची, म्हणजे तीच चूक पुन्हा गुपचूप आत शिरणार नाही. वर्गात एखाद्या मुलाने अनपेक्षित शंका विचारली, तर ती पुढच्या वर्षीच्या टाचणात लिहून ठेवणारे शिक्षक आपण पाहिले आहेत. ते नेमके हेच करत असतात.