वही बदलते, नोंद टिकावी लागते

फलटणच्या बाजाराला आलेला शेतकरी वाटेत उताऱ्याची नक्कल काढायला जातो, तेव्हा त्याची नजर प्रथम आपल्या नावावर जाते. नाव आहे ना, गट नंबर बरोबर आहे ना, एवढेच तो पाहतो. १९४८ साली फलटण संस्थान विलीन झाले. जुने दप्तर मोडीतले. पुढे मोडी वाचणारी माणसे कमी झाली, बालबोध वह्या आल्या, आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. वही बदलली की नोंदीला धोका असतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

संगणकातल्या वह्या सांभाळणारा जो कारभारी, त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. त्याला काय करायचे ते सोर्स कोडमध्ये लिहून दिलेले असते. असा एक कारभारी 'पोस्टग्रेस'. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ च्या सुमारास त्याचे काम सुरू केले. १९९६ पासून तो 'पोस्टग्रेएसक्यूएल' या नावाने देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी वाढवला. त्याचा सोर्स कोड कोणीही वाचावा, चूक दिसली तर दाखवावी.

चुकांचा एक प्रकार यंत्र बदलल्याने निघतो. आपण तेवीस म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी, तीन नंतर. यंत्रांचेही तसेच आहे. काही यंत्रे मोठ्या संख्येचा लहान भाग आधी ठेवतात, काही मोठा भाग आधी. एकाची वही दुसऱ्याने जशीच्या तशी उघडली तर तेवीसचे बत्तीस व्हायचे! म्हणून अशा वेळी नोंदी साध्या अक्षरांत उतरवून घेतात आणि नव्या यंत्रावर पुन्हा भरतात. सोर्स कोड निरनिराळ्या यंत्रांवर चालतो की नाही, हे तपासायला २००४ साली अँड्र्यू डन्स्टन यांनी स्वयंसेवकांच्या यंत्रांची एक साखळी उभी केली. तिच्यातल्या प्रत्येक यंत्राला एकेका प्राण्याचे नाव असते. बैलाला नाव ठेवणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटायचे कारण नाही.

दुसरा प्रकार अधिक लबाड. तलाठ्याकडचा आठ-अ आठवा : खातेदाराच्या नावावरून त्याचे गट सापडतात. संगणकातही अशीच सूची असते. नोंद बदलली, पण सूचीतला एकही रकाना बदलला नाही, तर सूचीत हात घालायची गरज काय? ही काटकसर २००८ च्या आवृत्तीत आली, आणि तिचे मुख्य श्रेय पवन देवलसी यांचे. पुढे त्यांनाच एक विपरीत गोष्ट दिसली. वहीचे काम चालू ठेवून एखाद्या नव्या रकान्याची सूची करायला घेतली, तर त्याच क्षणी नोंद बदलणाऱ्या कारकुनाच्या हाती कधीकधी जुनी टाचण राही. या रकान्याची सूची नाही, असे समजून तो ती कोरी सोडून देई. वहीत नोंद असायची, सूचीतून मात्र सापडायची नाही. असे क्वचितच घडे, म्हणून तर ते इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही.

९ फेब्रुवारी २०१७ रोजी दुरुस्ती निघाली. तिच्या नोंदीत देवलसी आणि अमेरिकेचे टॉम लेन यांची नावे आहेत. तेव्हा वापरात असलेल्या पाचही आवृत्त्यांना ती लावावी लागली. मात्र ती पुढची चूक थांबवी. आधीच बिघडलेली सूची तिने सुधारत नसे. म्हणून त्याच सूचनेत सांगितले होते, की ज्यांनी अशा सूच्या केल्या असतील त्यांनी शक्य असेल तर त्या पुन्हा बांधून घ्याव्यात. मूळ वह्या शाबूत होत्या, एवढे नशीब!