वाळूचा वंशज : सिलिकोन लेपाची कथा

लोखंडाचा शत्रु गंज आणि रंगाचा शत्रु ऊन. जवसाच्या तेलांत कालविलेला रंग लोखंडास कांहीं काळ राखी. पण उन्हानें तोच खडूसारखी भुकटी होऊन झडे व पुढें गंजाला वाट मोकळी होई. उन्हास दाद न देणारा लेप ज्या संशोधनांतून निघाला, त्याचा आद्य उपासकच त्याच्या उपयुक्ततेविषयीं साशंक होता.

फ्रीडेल व क्राफ्ट्स यांनीं १८६३ सालीं सिलिकॉन व कार्बन यांना जोडणारें पहिलें संयुग सिद्ध केलें. त्याच वर्षीं जन्मलेल्या फ्रेडरिक किपिंग यांनीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें १८९९ पासून सुमारें चार दशकें या संयुगांचा अभ्यास केला. 'सिलिकोन' हें नांव त्यांनींच रूढ केलें. त्यांना हवे होते शुद्ध स्फटिक; पण वारंवार हातीं येई तो डिंकासारखा चिकट लगदा, आणि तो त्यांना अडगळच वाटे. १९३६ सालच्या व्याख्यानांत या शाखेच्या नजीकच्या प्रगतीविषयीं त्यांनीं निराशाच व्यक्त केली.

इकडे अमेरिकेंत कॉर्निंग काचकारखान्यांतील जेम्स फ्रँकलिन हाइड यांनीं तसल्याच चिकट पदार्थांतून उष्णता सोसणारें विद्युत्-रोधक वेष्टन बनविण्याचा उद्योग आरंभिला. १९४० सालीं यूजीन रॉचो यांनीं तांब्याच्या सान्निध्यांत तप्त सिलिकॉनवरून मेथिल क्लोराइड वायु नेऊन हीं संयुगें स्वस्तांत करण्याची युक्ति शोधली. १९४३ सालीं डाउ कॉर्निंग कंपनी निघाली आणि युद्धकाळीं विमानांच्या प्रज्वलन-यंत्रणेस सिलिकोनचें संरक्षण मिळालें.

या गुणाचें मर्म काय? सिलिकोनचा कणा वाळूप्रमाणेंच सिलिकॉन व प्राणवायु यांच्या सांखळीचा असतो. साध्या रंगांतील कार्बनचा दुवा तोडण्यास दर मोलला सुमारें ३५० किलोजूल ऊर्जा पुरते. सिलिकॉन व प्राणवायु यांच्या दुव्यास सुमारें ४५० लागते. भूपृष्ठीं पोंचणाऱ्या अतिनील किरणांतील सर्वांत प्रखर किरणांची ऊर्जा ४०० च्या आसपास असते. म्हणजे पहिला दुवा तुटण्याजोगा, दुसरा टिकणारा. शिवाय कण्याभोंवतींचे मेथिल गट पाण्यास थारा देत नाहींत.

मात्र सिलिकोनमधून वाफ व प्राणवायु सहज आरपार जातात. म्हणून नुसत्या सिलिकोननें गंज थांबत नाहीं. पूल व जहाजें यांवर आज खालीं जस्तयुक्त अस्तर, मध्यें इपॉक्सी आणि वर सिलिकोनवर्गीय लेप अशी योजना करतात.

किपिंग १९४९ सालीं निवर्तले. तोंवर त्यांच्या अडगळीवर कारखाने उभे राहिले होते. ज्ञानासाठीं केलेल्या श्रमाचें मोल त्याच्या कर्त्यालाही पूर्णपणें ठरवितां येत नाहीं, हेंच या इतिहासावरून दिसतें.