शाळा एका सूचीत, रेडिओ दुसरीत

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरच्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षण विभागाची देखरेख असते. गावात ऐकू येणाऱ्या रेडिओवर मात्र या विभागाची सत्ता कधीच नव्हती. याचे मूळ केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सापडते. १९५० मध्ये शिक्षण राज्य सूचीत गेले आणि प्रसारण संघ सूचीत. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आणले. रेडिओ जागचा हलला नाही.

अमेरिकेत वेगळी वाट होती. अटलांटाच्या शिक्षण मंडळाने १९४८ मध्ये स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. त्याच वर्षी १६ जुलैला आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, पण त्याचा लगाम दिल्लीच्या हाती होता. शाळांच्या वाट्याला केंद्र आले नाही, फार तर कार्यक्रमाची वेळ आली. तीही अडचणीची. वेळापत्रकातला तास आणि रेडिओवरचा तास जुळला तरच पोरे संचाभोवती बसणार. वीज गेली की धडा गेला, आणि गुरुजींना तो पुन्हा लावता येत नसे.

राज्याच्या शिक्षण खात्याने प्रसारणात खरा हात घातला तो पुण्याच्या बालचित्रवाणीतून. १९८४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था शालेय कार्यक्रम तयार करी, पण दाखवायचे दूरदर्शनवरूनच. स्वयंपाक आपला आणि ताट दुसऱ्याचे, अशी ही मांडणी. २०१७ मध्ये संस्था बंद झाली.

प्रसारणाचे दार किलकिले केले सर्वोच्च न्यायालयाने: रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे १९९५ च्या निकालात म्हटले गेले. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली. प्रक्षेपणशक्तीची मर्यादा १०० वॅट, म्हणजे गाव आणि आसपासची शिवारे एवढाच आवाका. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक सहभागातून हवेत आणि स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी याच वाटेने आली. परवाना मात्र आजही दिल्लीतूनच मिळतो.

२०२० मध्ये करोनाने शाळा बंद पाडल्या, तेव्हा नागपूरचे विभागीय आयुक्त कार्यालय आणि ‘प्रथम’ ही संस्था यांच्या सहभागातून आकाशवाणी नागपूरवर ‘शाळेबाहेरची शाळा’ भरू लागली. अल्लीपूरचा वर्धा जिल्हा याच विभागात येतो. लहर तेव्हाही आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचीच होती.