भाग ३१ : छपरावर झोपायचं की छपराखाली?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय. रेकॉर्डिंगमध्ये मधेच जो कोंबडा आरवतो तो शेजाऱ्यांचा आहे, त्याला माफ करा.

तर विषय असा. मी आणि बाबा गाडी घेऊन निघणार आहोत. पेण तालुक्यातल्या वरसईपासून सुरुवात, मग पुणे, नगर, धुळे, सातपुडा ओलांडून महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट आणि शेवटी काशी. रस्ता ओळखीचा वाटला का? विष्णुभट गोडसे, आपले ‘माझा प्रवास’वाले. १८५७ च्या सुरुवातीला हा तिशीतला, कर्जाने गांजलेला भिक्षुक आपल्या काकांबरोबर वरसईहून निघाला. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, एवढंच डोक्यात. आणि नेमका बंडात सापडला. नंतर चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने सगळं लिहून काढलं. ते छापलं गेलं १९०७ साली, तेही वैद्यांनी बरेच फेरफार करून. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती यायला १९६६ उजाडलं.

आमचं भांडण मात्र बंडावरून नाही, झोपण्यावरून आहे.

गाडी जुनी एसयूव्ही. पर्याय तीन. एक, छपरावर बसणारा घडीचा तंबू, शिडी लावून वर चढायचं. दोन, मागच्या सीटा काढून आत फळी टाकायची. तीन, छप्परच कापून वर उचलणारं झाकण बसवायचं, फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर गाड्यांना असतं तसं. तिसरा पर्याय लगेच बाद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचल्यावर मी ग्राइंडर खाली ठेवला.

उरले दोन. बाबांना पहिला हवाय. बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे त्याहून म्हातारे.

हट्टाचं कारण ऐका. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. वस्तीची गाडी तुम्हाला माहितीये ना? संध्याकाळी शेवटच्या गावाला जाते, रात्रभर तिथेच उभी राहते, सकाळी शाळेची पोरं आणि मासळीच्या पाट्या घेऊन परत येते. उन्हाळ्यात बाबा मागची शिडी चढून टपावर झोपायचे. गमछाने एक मनगट कॅरिअरच्या कठड्याला बांधून. “वारा लागतो रे, डास वर येत नाहीत,” हे त्यांचं इंजिनीअरिंग. युरोपात छपरावरचे तंबू विकायला लागले त्यालाही साठेक वर्षं झाली. इटलीत १९५८ पासून बनतायत. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग त्यांच्याकडे पण वस्तीच्या गाड्या असतील.”

मी बीटेकवाला, त्यामुळे आधी आकडे काढले. असा तंबू पन्नास-साठ किलोचा असतो. चालत्या गाडीच्या छपरावर किती वजन चालतं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्यातलं बहुतेक एकटा तंबूच खातो. उभ्या गाडीवर माणसं झोपली तर छप्पर सहन करतं, ती मर्यादा वेगळी आणि बरीच जास्त. पण वळणावर वर ठेवलेलं वजन गाडीला बाहेर ओढतं. शिवाय आपली किनारपट्टी. खारी हवा बिजागऱ्या खाते, आणि कापड ओलं असताना घडी घातली की तीन दिवसांत बुरशी. आत झोपलात तर वेगळी भानगड. दोन माणसांच्या श्वासाने सकाळी काचा आतून टपटपतात. काच दोन बोटं उघडी आणि बाहेरून मच्छरदाणीचं कापड, याशिवाय इलाज नाही.

आकडे झाल्यावर सहज विचार आला, गोडसे भटजी कुठे झोपले असतील? तेव्हा पुस्तक फक्त रात्रीच्या मुक्कामांसाठी पुन्हा चाळलं. आणि खरं सांगू, पहिल्या वाचनात जे दिसलंच नव्हतं ते दिसलं.

माणूस छप्पर बरोबर घेऊन निघालाच नाही! त्याला गरज नव्हती. वेदपाठी ब्राह्मण होता, कुणाची ओसरी, कुठलं देऊळ, कुठला वाडा, कुठली धर्मशाळा, कुठे ना कुठे पडवी मिळायचीच. त्या वाटेवर अहिल्याबाई होळकरांसारख्यांनी कितीतरी आधी घाट, देवळं, धर्मशाळा बांधून ठेवल्या होत्या. त्याच्याआधी चारशे वर्षं अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी आपल्याच चौलला उतरला, घोडा विकायला घेऊन घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसात तिथेच अडकला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, बघून या. त्यानेही लिहून ठेवलंय की इकडे परदेशी व्यापारी उतारशाळेत राहतात. म्हणजे रस्त्यावर छप्पर मिळायचं, पण तुम्ही कोण आहात यावर.

मग ज्यांना मिळत नसे ते? पेणच्या मिठागरांतलं मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर नेणारे लमाण. ते गोण्या रचून भिंत करायचे, वर कापड ताणायचे, बैल आणि माणसं तिथेच. आणि गाडीवान? बैलगाडीला बांबूच्या कमानी आणि वर तट्ट्या, आत सामान आणि बायकापोरं. गाडीवान गाडीखाली, दोन चाकांच्या मध्ये, घोंगडीवर. जाड लाकडाचं छप्पर, चाकांचा आडोसा, आणि बैल सुटला तर आधी त्यालाच कळणार. डिझाइन म्हणून बघितलं तर ही जागा वाईट नाही. पण ती कुणी निवडलेली नव्हती.

लष्कराचंही तसंच. सरदाराला डेरा, मधल्याला राहुटी, साध्या माणसाला पाल, म्हणजे दोन काठ्यांवर आडवी काठी आणि वर कापड, दोन्ही तोंडं उघडी. आणि बुणग्यांना आभाळ. पुण्यात फरासखान्यावरून किती वेळा गेलोय मी, पण हे तंबू-कनाती-गालिचे सांभाळणाऱ्या खात्याचं नाव आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला तो पोलीस चौकीचाच शब्द वाटायचा. हसू नका.

झाशीत तर छप्परच उलटं झालं. १८५८ मध्ये इंग्रज शहरात शिरले तेव्हा भटजी आणि काका घरात लपून जीव वाचवत होते. ज्या छपराखाली सुरक्षित वाटायचं त्यालाच आगी लागत होत्या. कमावलेली दक्षिणा लुटली गेली, पुन्हा कमावली, पुन्हा गेली. दोन-अडीच वर्षांनी माणूस वरसईला परतला तो खांद्यावर गंगेची कावड घेऊन.

हे मी बाबांना जेवताना सांगितलं. म्हटलं, बघा, एवढ्या मोठ्या प्रवासात भटजींनी तंबूच नेला नाही. बाबा भाकरी मोडत म्हणाले, “तो ब्राह्मण होता. आपल्याला १८५७ साली कोणी ओसरी दिली असती?”

मी गप्प. आम्ही आगरी. पणजोबा मिठागरात. हा सगळा रस्ता मी गोडसेंचा म्हणून आखला होता, पण आमच्यातलं कोणी त्या वाटेने गेलंच असतं तर गाडीखालचं गेलं असतं. बाबांना टपच का हवा हे मला तेव्हा जरा कळलं. पूर्ण नाही.

परवा नागावच्या सुरूच्या बनात चाचणी घेतली. मित्राचा तंबू आणला होता. बाबा शिडी चढले, दोनदा थांबून, पण चढले. रात्री दीडला मला हाक, “अरे, उतरव मला.” शिडीला दव होतं. मी खालून त्यांची पावलं एकेक करून पायऱ्यांवर ठेवली. परत चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर पूर्ण भार टाकला, तेवढा कधी टाकला नव्हता.

सकाळी त्यांनी स्वतःच टेप काढली आणि मागच्या सीटांची जागा मोजली. पेणच्या सुताराला फोन केला. फळीची लांबी सांगितली पाच फूट दहा इंच.

बाबा पाच फूट तीन आहेत. पाच फूट आठ मी आहे.

विचारलं तर म्हणाले, “मग काय झालं? कॅरिअर नुसतं मोकळं राहू दे. गमछा आहे माझ्याकडे.”