चावा: मे ते जुलै 2004

मे 2004च्या आधीचा कुठलासा दिवस. अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यातल्या एका माणसाला वटवाघूळ चावतं. गोष्ट ओळखीच्यांपुरतीच राहते.

पहिले 48 तास. तोच माणूस टेक्सासमध्ये दोन रुग्णालयांत जातो. अंगात कसर, बोलण्यात भ्रम. स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव दिसतो, झपाट्याने वाढतो. कारण समोर होतं. दुसरं कोणी शोधलं नाही.

मृत्यूनंतर. घरचे अवयवदानाला होकार देतात. घड्याळ सुरू होतं: यकृताला साधारण 12 तास, मूत्रपिंडाला 24 ते 36. एचआयव्ही, कावीळ 'बी', 'सी' तपासायचे असतात. यादीत रेबीज नाही. एवढ्या वेळात ती तपासणी होण्यासारखीही नव्हती. 'काही चावलं होतं का?' हा प्रश्न मात्र मिनिटभराचा. 1988मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गोडे आणि भिडे यांनी भारतातले दोन मृत्यू नोंदवले होते: एकाच दात्याची बुबुळं बसवलेले दोघे रेबीजने गेले. इशारा 16 वर्षं छापील होता, पण बुबुळांपुरता.

(आमच्या आदिलाबादकडे कुत्रं चावलं की आधी हळद-तिखट, मग जमलं तर सुई. कोणाला कधी चावलं हे घरातल्या आजीला आठवतं. फॉर्मवर सही करायला आजी जात नाही.)

4 मे, डॅलस. एकाला यकृत, दोघांना एकेक मूत्रपिंड. फुप्फुसं अलाबामात, तो रुग्ण शस्त्रक्रियेतच दगावतो. दात्याच्या ओटीपोटातल्या धमनीचा एक तुकडा पुढे लागेल म्हणून जपून ठेवला जातो.

9 मे. यकृत बसवलेला रुग्ण घरी. 11 मेला एक, 16 मेला दुसरा मूत्रपिंडाचा रुग्ण घरी. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिघांनाही चालू.

25 मे. यकृताचा रुग्ण परत दाखल. हात थरथरतात, जेवण नको, सुस्ती. ताप नाही. 24 तासांत श्वासासाठी नळी.

29 मे. मूत्रपिंड मिळालेल्या बाईच्या उजव्या कुशीत दुखतं. अपेंडिक्स काढतात. दोन दिवसांनी तिचं अंग उडू लागतं. तिसऱ्याला रुग्णवाहिकेतून आणतात, त्यालाही झटके.

7 जून. पहिला मृत्यू. 8 जून. दुसरा. 9 जून. तिसरा.

1 जुलै. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी जाहीर करते: तिघांनाही रेबीज. दात्याच्या साठवलेल्या रक्तातही रेबीजची प्रतिपिंडं.

9 जुलै. चौथा सापडतो. त्याचं यकृत वेगळ्याच दात्याचं होतं, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी कमी पडली, तेव्हा जपून ठेवलेला धमनीचा तो तुकडा त्याला जोडला होता.