मागच्या दिव्याचा तंटा

इंग्लंडातील सायकलस्वारांच्या मंडळांनी पाव शतकाहून अधिक काळ एका लहानशा तांबड्या दिव्याविरुद्ध झुंज दिली, ही गोष्ट प्रथम ऐकताना हास्यास्पद वाटते. दिवा तो काय, मागच्या मडगार्डावर बसवावयाचा. किंमत थोडी, वजन त्याहून थोडे, आणि लावल्याने स्वतःचाच जीव वाचण्याचा संभव अधिक. असे असता ह्या दिव्यास सभांतून, मासिकांतून आणि पार्लमेंटच्या सभासदांकरवी विरोध करणारी माणसे हट्टी तरी असली पाहिजेत किंवा वेडी तरी, असेच कोणीही म्हणेल. ती तशी नव्हती. त्यांत वकील होते, शिक्षक होते, कारकून होते. आणि ज्या प्रश्नासाठी ती भांडत होती तो प्रश्न दिव्याहून पुष्कळ मोठा होता. रात्रीच्या अंधारात मागून येणाऱ्याने पुढच्यास पाहावयाचे, की पुढच्याने मागच्यास दिसावयाचे? सावधगिरीचा भार कोणाच्या शिरावर? ह्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडात एकेकाळी एक होते आणि पुढे दुसरे झाले. ते कसे पालटले, हे सांगावे म्हणून हा लेख.

सायकल इंग्लंडच्या रस्त्यावर आली तेव्हा तेथील हमरस्ते जवळजवळ ओस पडले होते. दूरची वाहतूक आगगाडीने ओढून नेली होती. धर्मशाळांसारख्या जुन्या खाणावळी आणि घोड्यांचे टप्पे मोडकळीस आले होते. जे थोडे गाडीवान उरले होते त्यांस हे उंच चाकावरचे नवे प्राणी मुळीच खपेनात. १८७६ साली सेंट ऑल्बन्सच्या प्रवासी घोडागाडीच्या गाडीवानाने एका सायकलस्वारावर चाबूक ओढला, आणि त्याच गाडीच्या रखवालदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या चाकाच्या आऱ्यांत फेकून त्यास खाली ओढले. दोघांसही दंड झाला. परंतु रस्ता आपला आणि हा उपटसुंभ कोण, ही भावना दंडाने थोडीच जाते!

सायकलस्वारांची बाजूही सर्वस्वी निर्मळ नव्हती. त्यांच्या वेगाने घोडे बुजत, म्हातारीकोतारी माणसे दचकत, आणि उतारावरून बेफाम सुटण्यात तरुणांस मोठी फुशारकी वाटे. मसवेल हिलच्या उतारावर असाच सुटलेला एक जण १८७९ साली न्यायालयापुढे आला. गाडी बेफाम हाकू नये असा १८३५ चा कायदा होता. सायकल ही गाडीच नव्हे, असा त्याचा बचाव. न्यायमूर्तींनी तो अमान्य करून सायकल ही गाडीच असल्याचा निवाडा दिला. आरोपी हरला, पण त्याच्या हरण्यात सर्व सायकलस्वारांचा लाभ होता. गाडी म्हटली की तिच्यावर कर्तव्ये आली, तसा रस्त्यावर हक्कही आला. १८८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने हे साऱ्या देशासाठी ठरवून टाकले आणि गावोगावचे जाचक नियम रद्द केले. त्याच कलमाने सायकलस्वारावर दोन बंधने घातली: काळोख पडल्यावर पुढे दिवा लावावा, आणि पादचारी, घोडा किंवा दुसरी गाडी ह्यांस मागे टाकून पुढे जाताना घंटा वाजवून त्यांस सावध करावे. हे दुसरे बंधन वाचकांनी ध्यानात ठेवावे. जो मागून वेगाने येतो त्याने पुढच्याची काळजी वाहावी, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. त्या काळी वेगाने येणारा म्हणजे सायकलस्वारच होता, आणि त्याने ते बंधन मान्य केले.

रस्ते सुधारण्याची चळवळही प्रथम त्यानेच केली. १८७८ साली हॅरोगेट येथे निघालेला ‘बायसिकल टूरिंग क्लब’ पुढे १८८३ पासून ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ ह्या नावाने चालू लागला. ह्या क्लबाने दुसऱ्या एका सायकल-संघाबरोबर १८८६ साली रस्ते-सुधारणा मंडळ स्थापिले. खडी किती बारीक फोडावी, पाण्याचा निचरा कसा ठेवावा, ह्याविषयी पत्रके छापून ते रस्त्यांवरील अधिकाऱ्यांस धाडी. ह्याच मंडळाचा पुढे चिटणीस झालेला रीस जेफ्रीज हा हाडाचा सायकलस्वार. पण १९०३ च्या सुमारास तो मोटारवाल्यांच्या संघाकडे गेला, आणि १९१० साली सरकारी रस्ते-बोर्डाचा चिटणीस झाला. एका माणसाच्या आयुष्यात सारा इतिहास असा गोळा झालेला क्वचित पाहावयास मिळतो.

कारण मोटारवाले हे काही परग्रहावरून उतरले नव्हते. पहिले मोटारवाले बहुधा कालचे सायकलस्वारच होते. रोव्हर, हंबर, सिंगर हे कारखाने आधी सायकलींचे. पुढे लॉर्ड नफील्ड म्हणून गाजलेल्या विल्यम मॉरिस ह्यांचा धंदाही ऑक्सफर्डातील सायकल-दुरुस्तीपासून सुरू झाला. १८९६ साली मोटारींवरील जुनी जाचक बंधने उठली, १९०३ साली ताशी वीस मैलांची मर्यादा आली, आणि पोलीस झुडपांआड घड्याळे घेऊन बसू लागले. त्यांच्या सापळ्यांची आगाऊ खबर देण्यासाठी १९०५ साली मोटारवाल्यांची एक संस्था निघाली. खबर देणारे पहारेकरी कोण? तर भाड्याने ठेवलेले सायकलस्वार! मोटारीने कायदा मोडावा आणि सायकलीने तिला सांभाळून घ्यावे, असा तो मजेचा संसार होता.

तो फार दिवस टिकला नाही. क्लबाच्या चालकांपैकी पुष्कळांस मोटारीचा नाद लागला तेव्हा क्लबात मोटारवाल्यांसही घ्यावे असा ठराव झाला. घटना बदलण्यास न्यायालयाची संमती लागे. १९०७ साली ती नाकारण्यात आली. रस्त्यावरील इतर वाहनांपासून, आणि त्यांत मोटारीही आल्या, सायकलस्वारांचे रक्षण करणे हा क्लबाचा एक उद्देश. तेव्हा एकाच संस्थेने दोघांचीही कैवारी होणे जुळावयाचे नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा इत्यर्थ. दोघांचे हित एक नाही हे प्रथम अधिकृतपणे नोंदविले ते न्यायाधीशाने, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

पुढे पैशाचा प्रश्न आला. १९०९ च्या अंदाजपत्रकाच्या वेळी मोटारींवरील व पेट्रोलवरील करांचे उत्पन्न रस्त्यांकडे लावण्याचे ठरले, आणि त्याबरोबर मोटारवाल्यांच्या मनात एक कल्पना घर करून बसली: पैसे आम्ही देतो, रस्ता आमचा. १९२६ साली अर्थमंत्री चर्चिल ह्यांनी त्या निधीला हात घातला आणि पुढे त्याचे वेगळे अस्तित्वही संपले; कल्पना मात्र अद्याप जिवंत आहे, इंग्लंडात आणि इकडेही.

आता दिव्याकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या काळात सायकलीस मागचा दिवा सक्तीचा होता. युद्ध संपताच सक्ती उठली आणि वाद पेटला. मोटारवाले म्हणत, समोरून येणाऱ्या मोटारीच्या झोताने डोळे दिपलेले असताना काळ्या कपड्यांतला सायकलस्वार आम्हांस दिसावा कसा? ह्यात खोटे काही नव्हते. १९२७ च्या कायद्याने तोड काढली: मागे दिवा तरी असावा किंवा प्रकाश परत फेकणारी तांबडी काच तरी. मोटारवाल्यांचे त्याने समाधान झाले नाही.

सायकलस्वारांचा युक्तिवाद तीन पदरी होता. पहिला तत्त्वाचा: आपल्या दिव्याच्या उजेडात जितके दिसते तितक्यात गाडी थांबविता येईल, अशाच वेगाने हाकावे, ज्यास दिसत नाही त्याने हळू जावे. दुसरा व्यवहाराचा: मागचा दिवा वाटेत विझला तर स्वारास ते कळणार कसे? पाठीला डोळे नसतात. पुढचा विझला तर तत्काळ कळते, मागचा विझला तर मरणानंतर कळते. तिसरा दूरदृष्टीचा: एकदा साऱ्या सायकलींस दिवे लागले की मोटारवाला दिवे पाहूनच हाकू लागेल, मग ज्यास दिवा नाही असा पादचारी, वाट चुकलेले गुरू, रस्त्यावर पडलेले झाड, ह्यांची गत काय?

ह्या दुसऱ्या मुद्द्यात कायद्याची एक मेख होती, आणि ती समजल्यावाचून सायकलस्वारांच्या भयाची कल्पना यावयाची नाही. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात जखमी झालेल्याची स्वतःची थोडीही हयगय सिद्ध झाली तर त्याचा भरपाईचा दावा बहुधा मुळातच बुडे. अमुक आणे दोष तुझा, अमुक त्याचा, अशी वाटणी नव्हती. तेव्हा दिवा सक्तीचा झाला आणि तो विझलेला आढळला, तर पाय गमावलेल्या मजुरास कवडीही न मिळण्याची पाळी. ह्या कठोर नियमास एकच पळवाट होती, आणि ती एका गाढवाच्या कृपेने! कोणा एकाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्यास रस्त्यावर चरावयास सोडले; भरधाव आलेल्या गाडीखाली ते मेले. गाढव तसे सोडणे ही हयगयच. तरी अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानास होती, म्हणून १८४२ साली धन्यास भरपाई मिळाली. पाय बांधलेल्या गाढवासही मागून येणाऱ्याने पाहिले पाहिजे असे न्यायालय म्हणते, मग सायकलवरच्या माणसास का पाहू नये?

आमच्याकडे ह्या वादाचे पडसाद उमटले नाहीत. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ज्या काळी ओळखले जाई त्या काळी बिनदिव्याच्या सायकलस्वारास पोलीस चौकात अडवीत, ह्याच्या हकिगती वाचकांपैकी अनेकांच्या घरी सांगितल्या जात असतील. पण तो चोर-शिपायाचा खेळ होता. हक्काचा प्रश्न कोणी त्यात पाहिला नाही.

इकडे इंग्लंडात १९३० च्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली. १९३४ साली रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, त्यांत सुमारे दीड हजार सायकलस्वार. नवे वाहतूकमंत्री होअर-बेलिशा हे हुशार आणि धडाडीचे. त्यांनी वस्तीतून ताशी तीस मैलांची मर्यादा आणली. ती १९३५ च्या मार्चपासून लागू झाली. त्याआधी १९३४ च्या डिसेंबरात लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न अव्हेन्यूवर त्यांनी खास सायकलींसाठी केलेल्या वाटेचे उद्घाटन केले होते: अडीच मैल लांब, साडेआठ फूट रुंद, रस्त्याच्या दोन्ही अंगांस. सायकलस्वारांनी आनंद मानावा, तर त्यांच्या क्लबाने निषेध केला! क्लबाचे चिटणीस स्टॅन्सर ह्यांस ही देणगी नसून हद्दपारीची नोटीस वाटली. ती वाट प्रत्येक फाट्यावर तुटत असे, म्हणजे जेथे धोका अधिक तेथेच ती स्वारास सोडून देई. आणि आज ऐच्छिक आहे ती उद्या सक्तीची होईल, हे भयही निराधार नव्हते. लॉर्ड ॲलनेस ह्यांच्या समितीने १९३९ साली तशी शिफारस केलीच. तरीही आम्हांस वाटते की येथे क्लबाचा हिशेब चुकला. वाटा अधिक चांगल्या बांधा असे मागण्याऐवजी वाटाच नकोत असे त्याने म्हटले. अडीचशे मैलांहून अधिक अशा वाटा त्या दशकात झाल्या. पुढे त्यांपैकी पुष्कळ विस्मृतीत गेल्या, आणि कार्लटन रीड ह्या पत्रकाराने अलीकडे त्या शोधून काढीपर्यंत त्या कशासाठी केल्या होत्या हेही लोक विसरले होते.

दिव्याचा निकाल मात्र युद्धानेच लावला. १९३९ साली विमानांच्या भयाने सारा देश काळोखात बुडविण्यात आला आणि मागचा दिवा पुन्हा सक्तीचा झाला. काळोखातील रस्त्यांवर १९४१ साली ९,१६९ माणसे दगावली. अशा स्थितीत तत्त्वाचा वाद कोण ऐकणार? १९४५ साली पार्लमेंटने ती सक्ती कायमची केली. योगायोग असा की त्याच वर्षी हयगयीचा जुना कठोर नियमही बदलून दोषाच्या प्रमाणात भरपाई देण्याचा कायदा झाला. म्हणजे सायकलस्वारांच्या भयाचे मूळ गेले, पण दिवाही आला. तो येण्यास हरकत नव्हती, असे आमचे मत आहे. हरकत ह्याची की दिव्याबरोबर पाहण्याचा भारही पुढच्याच्या माथी आला, आणि तो परत मागण्यास कोणी उरले नाही. १९४९ साली ब्रिटनमध्ये सायकलींवरून सुमारे १,४७० कोटी मैलांचा प्रवास झाला होता. १९७३ साली तो २३० कोटींवर आला.

त्याच सुमारास समुद्रापलीकडे हॉलंडात गोष्टीने वेगळे वळण घेतले. तेथील सायकलस्वारांचा जुना संघ १८८३ चा. तोही कालांतराने मोटारवाल्यांची संस्था बनला होता. पण १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ असे उघडेवाघडे नाव घेऊन आईबाप रस्त्यावर बसले. तेथे सायकलींच्या वाटा झाल्या त्या मोटारींचा वेग आणि वावर आवळून. आणि कायद्याने जबाबदारीही मोटारीवर ठेवली. १९९४ च्या कायद्याचे १८५ वे कलम व त्या काळचे न्यायनिर्णय ह्यांप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास मोटारीने इजा झाली तर भरपाई पूर्ण, मग चूक मुलाची का असेना. मोठ्या पादचाऱ्यास वा सायकलस्वारास किमान निम्मी. डच सायकलींसही रात्री मागचा दिवा लावावाच लागतो. त्याविषयी तेथे तंटा झाल्याचे ऐकिवात नाही.

ब्रिटनच्या रस्ते-नियमावलीत २०२२ च्या जानेवारीत एक नवे कलम आले. ज्याच्या वाहनाने अधिक इजा होऊ शकते त्याने अधिक काळजी घ्यावी, असे त्यात म्हटले असून सायकलस्वारास मागे टाकताना तीस मैलांपर्यंतच्या वेगास किमान दीड मीटर अंतर सोडण्याविषयी सांगितले आहे. १८८८ च्या कलमात सायकलस्वारास जे बजावले होते, तेच १३४ वर्षांनी मोटारवाल्यास बजावण्यात आले. घंटेच्या जागी अंतर आले इतकेच.