माशीचे पंख, ट्यूबलाइट आणि टॅकोमीटर नसलेला ट्रक: इंजिनाचे फेरे मोजण्याचा इतिहास

१/
१९५४ साली टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांच्यात करार झाला आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडू लागले. त्या पिढीच्या ट्रकांत इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर सहसा नसे. तरीही गाडी उभी असताना इंजिन किती गतीने फिरते, म्हणजे त्याचे आयडलिंग, ठरावीक मर्यादेत ठेवणे आवश्यकच होते. ते फार उतरले तर इंजिन हादरते आणि तेलाचा दाब घसरतो. फार चढले तर डिझेल वाया जाते आणि गिअर टाकताना दाते खरखरतात.

२/
अडचण आणखी एक होती. पेट्रोलच्या इंजिनात ठिणग्या मोजून फेरे काढता येतात. डिझेल इंजिनात इंधन दाबाखालच्या तप्त हवेने पेटते; तेथे ठिणगीच नाही. मग मोजायचे काय?

३/
या प्रश्नाचे एक उत्तर ट्रकच्या जन्मापूर्वी जवळजवळ तीन शतके लंडनमध्ये सापडले होते. ऑगस्ट १६६६ मध्ये रॉबर्ट हूक याने सॅम्युएल पेपिसला सांगितले की, गुणगुणणाऱ्या माशीचे पंख एका सेकंदात किती वेळा हलतात हे तो तिच्या गुणगुणण्याच्या स्वरावरून सांगू शकतो. पेपिसने ही गोष्ट रोजनिशीत नोंदवली. मात्र ती त्याला जरा अतिसूक्ष्म वाटली. शंका रास्त होती, पण बरोबर हूकच होता.

४/
१६८१ मध्ये हूकने रॉयल सोसायटीपुढे फिरत्या दातेरी चाकांतून संगीताचे स्वर काढून दाखवले. चाकाचे दाते आणि फेरे ठाऊक असले की सेकंदाला किती आघात होतात ते कळते, आणि त्या संख्येचा स्वर कानाला ऐकू येतो. १८१९ मध्ये फ्रान्सच्या कान्यार द ला तूर याने छिद्रांच्या चकतीतून हवा सोडणारा ‘सायरन’ रचला व त्याला फेरे मोजणारी तबकडी जोडली. फेऱ्यांवरून स्वराची कंपनसंख्या काढण्याचा मार्ग पक्का झाला. ट्रकसाठी तोच मार्ग उलट चालायचा: स्वर ओळखायचा आणि फेरे काढायचे.

५/
त्यामागचे गणित सोपे आहे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला १० फेरे आणि ३० स्फोट. चार सिलिंडर असतील तर २० स्फोट.

६/
पण ३० कंपनांचा स्वर फार खर्जातला. पेटीच्या सर्वांत खालच्या स्वराहूनही खाली. तेथे कान स्वर कमी आणि धडधड अधिक ऐकतो. अनुभवी मेकॅनिकच्या कानाची थोरवी सांगितली जाते ती खरी असली, तरी तो कान तुलनेत पटाईत असतो. ‘कालच्यापेक्षा उतरले आहे’ हे तो सांगेल; ‘५५० आहे’ हे सांगण्यासाठी शेजारी एखादे प्रमाण लागते.

७/
असे प्रमाण विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन अभियंता हेर्मान फ्राम याच्या कंपन-पट्ट्यांच्या उपकरणाने पुरवले. एका चौकटीत पोलादाच्या बारीक पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीची स्वाभाविक कंपनसंख्या थोडी वेगळी असते. चौकट यंत्राच्या अंगाला टेकवली की जुळणारी पट्टी तेवढी जोराने थरथरते. फिरत्या दांड्याला हातही लावावा लागत नाही! पण एक सापळा आहे. पट्टी फेरे दाखवते की स्फोट, हे वापरणाऱ्यानेच ओळखायचे. सहा सिलिंडरच्या इंजिनात ही गफलत झाली तर उत्तर तिप्पट येते.

८/
दुसरा मार्ग डोळ्यांचा. १८३२ मध्ये बेल्जियमचा प्लातो आणि ऑस्ट्रियाचा श्टाम्फर यांनी एकमेकांवर विसंबून न राहता फटींच्या फिरत्या चकत्या बनवल्या. ‘स्ट्रोबोस्कोप’ हे नाव श्टाम्फरचे. शंभर वर्षांनी, १९३१ च्या सुमारास, एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन याने चकतीच्या जागी विजेच्या दिव्याची लखलख आणली. ठरावीक अंतराने चमकणाऱ्या प्रकाशात फिरणारी वस्तू थिजल्यासारखी दिसते.

९/
गंमत अशी की, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटच्या रूपाने एक ओबडधोबड स्ट्रोबोस्कोप आपल्या गॅरेजांत आधीपासून टांगलेला होता. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ती नळी सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा उजळते-मंदावते. क्रँकशाफ्टच्या काळ्या पुलीवर खडूची एकच रेघ मारा. इंजिन ६०० फेऱ्यांवर असेल तर एका फेऱ्यात दहा लखलखी होतात आणि पुलीवर दहा फिकट रेघा स्थिर दिसतात. ५०० वर बारा, ७५० वर आठ. ५५० वर साधारण अकरा रेघा, पण त्या जागच्या जागी न राहता सावकाश सरकत राहतात. अंधाऱ्या जागी हे बरे दिसते. उन्हात काहीच दिसत नाही.

१०/
याच करामतीत धोकाही होता. त्या उजेडात फिरता पंखा किंवा लेथ थांबल्यासारखा भासू शकतो. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या नळ्या वीजपुरवठ्याच्या वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची पद्धत पडली: सगळ्या एकाच वेळी मंदावू नयेत.

११/
कान आणि डोळा दोन्ही नको असतील, तर उरते निव्वळ अंकगणित. मागचा आस भक्कम घोड्यांवर उचलून इंजिन आयडलिंगवर पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवायचे आणि चाकाचे फेरे घड्याळ लावून मोजायचे. समजा, गिअरचे गुणोत्तर ७ आणि डिफरन्शियलचे ६. मग चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ४२ फेरे. चाक मिनिटाला १४ वेळा फिरले तर इंजिन ५८८ वर आहे. मात्र एकच चाक उचललेले असेल आणि दुसरे जमिनीवर रोवलेले असेल, तर डिफरन्शियलमुळे उचललेले चाक दुप्पट फिरते. तेव्हा मोजणी २८ भरेल आणि ती निम्मी करूनच ४२ ने गुणावी लागेल.